गाणं फाटतंय, हे ऐकवावं लागतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: अहिराणी गाण्यांची नवी रेकॉर्डिंग, विशेषतः लग्नाची आणि कानबाईची (आपल्या खान्देशातली श्रावणातली देवी), इतकी ठोकून भरलेली येतात की बोल कळत नाहीत. डफ, संबळ, इलेक्ट्रॉनिक पॅड सगळ्यांचा एकच गोंगाट होतो आणि दोन-तीन गाण्यांत डोकं धरतं. याविरुद्ध ऑनलाइन लोकांना एकत्र करायचंय. सह्यांची मोहीम काढू का? लोक साथ देतील का? विचारणारे शिरपूरकडचे आहेत. मी जळगाव-भुसावळ भागात रेकॉर्डिंग आणि मास्टरिंग (गाणं बाहेर जाण्याआधी त्याच्या आवाजावर फिरवलेला शेवटचा हात, त्यातून निघते ती फाइल म्हणजे मास्टर) करतो, म्हणजे ज्यांच्यावर हा आरोप आहे त्यांच्यातलाच एक. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सह्या मिळतील, त्याची काळजी करू नका. आपल्याकडे फोनवर सही करायला कुणी नाही म्हणत नाही. पण नुसत्या सह्यांनी एकाही गाण्याचं मास्टर बदलणार नाही. फरक कानाने कळलेली माणसं जमवा. शंभर जमली तरी खूप झाली.

आधी एक गोंधळ काढून टाका, नाहीतर मोहीम पहिल्याच दिवशी भलतीकडे जाईल. खान्देशात ‘मोठ्या आवाजाविरुद्ध मोहीम’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मिरवणुकीतला डीजे येतो. तो विषय वेगळा. त्याला २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत: रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. त्याची तक्रार पोलिसांत होते. तुमचा मुद्दा फाइलच्या आतल्या आवाजाचा आहे. फोनचा व्हॉल्यूम निम्मा करा, फाटलेलं गाणं फाटलेलंच राहतं, फक्त हळू फाटतं. हा भेद पहिल्या पोस्टमध्येच स्पष्ट लिहा. नाहीतर खाली कमेंटमध्ये ‘आमच्याच सणाला नियम का’ यावर भांडणं लागतील आणि गाणं बाजूला राहील.

आता फाइलच्या आत काय होतं ते. डिजिटल फाइलला वरती एक छप्पर असतं, त्याच्या वर आवाज जाऊच शकत नाही. संबळाचा किंवा डफाचा फटका क्षणभर त्या छपरापर्यंत जातो, गाणाऱ्याचा आवाज त्याच्या बराच खाली असतो. आता गाणं ‘मोठं’ वाटायला हवं असेल तर फटके दाबायचे आणि मग सगळंच वर उचलायचं. हे काम लिमिटर करतो. थोडं केलं तर गाणं घट्ट बसतं आणि त्यात वाईट काही नाही. मीही रोज करतो. जास्त केलं की फटका उरतच नाही, त्याच्या जागी एक चपटा ‘थप’ राहतो आणि गाणारी बाई, पॅड, बेस सगळे एकाच उंचीवर येऊन एकमेकांना ढकलतात. जिनिंगमध्ये कापसाची गाठ दाबतात, ती सोडली की कापूस पुन्हा फुलतो. लिमिटरने दाबून फाटलेलं गाणं कुणाच्याही हातून फुलत नाही.

मग स्टुडिओवाले असं का करतात? कारण कान फसतो. एकच गाणं दोनदा वाजवा, दुसऱ्यांदा अगदी थोडं मोठ्याने. ऐकणारा दुसऱ्यालाच चांगलं म्हणेल, बेस भरलाय म्हणेल, टॉप खुललाय म्हणेल. आवाज वाढला की आपल्या कानाला खालचे आणि वरचे सूर जास्त ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. आता स्टुडिओतला प्रसंग डोळ्यांसमोर आणा. चॅनलवाला, म्हणजे यूट्यूबवर गाणं टाकणारा, येतो, खिशातून फोन काढतो, गाजत असलेलं दुसऱ्याचं गाणं लावतो आणि म्हणतो, ‘भाऊ, त्याचं बघा कसं वाजतंय, आपलं बसकं वाटतंय.’ त्याला कुणी आवाज सारखा करून ऐकवत नाही. रेकॉर्डिस्ट लिमिटर आणखी ३ डीबी (डेसिबल) ओढतो, पैसे घेतो आणि पुढचं काम हातात घेतो. पुढच्या महिन्यात तिसरा चॅनलवाला हेच गाणं फोनवर घेऊन येतो. इथे कुणाचा हेतू वाईट नाही, पण चढाओढ थांबत नाही.

ही चढाओढ आपल्याकडची नाही, आपल्याकडे ती उशिरा आली. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली, तेव्हाची मास्टर बरीच मोकळी असत. नव्वदच्या दशकात डिजिटल लिमिटर आले आणि दर दोन-चार वर्षांनी पाश्चात्त्य रॉक-पॉप गाणी आणखी फुगत गेली. याच विषयावरची ऑनलाइन मोहीम कशी चालली, हे पाहायचं तर मेटालिका या अमेरिकन रॉक बँडच्या ‘डेथ मॅग्नेटिक’चं उदाहरण बघा. सप्टेंबर २००८ मध्ये अल्बम आला आणि चाहत्यांनाच तो फाटका वाटला. योगायोगाने तीच गाणी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेमसाठीही दिली होती आणि गेममधली आवृत्ती तेवढी दाबलेली नव्हती. म्हणजे एकच गाणं, दोन मास्टर, दोन्ही लोकांच्या हातात! चाहत्यांनी दोन्हींच्या लहरींची चित्रं शेजारी-शेजारी लावली, गेममधून ऑडिओ काढून अख्खा अल्बम जुळवला आणि एकमेकांना वाटला. अल्बम पुन्हा मिक्स करावा, म्हणजे गाणं आणि वाद्यांचे सुटे ट्रॅक पुन्हा जुळवावेत, म्हणून ऑनलाइन अर्ज निघाला, त्यावर दहा हजारांहून जास्त सह्या झाल्या.

यातून तुमच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली, इतक्या सह्या होऊनही बँडने तेव्हा अल्बम मागे घेतला नाही, पुन्हा मिक्स केला नाही. दुसरी, लोक आधी मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सन यांच्यावर तुटून पडले. त्यांनी एका चाहत्याला उत्तर दिलं की मिक्स माझ्याकडे आला तेव्हाच तो दाबून सपाट केलेला होता. तक्रार बरोबर होती, पत्ता चुकला होता. आपल्याकडेही हेच होईल. तुम्ही गायकाला शिव्या घालाल, त्या बिचाऱ्याला मास्टरिंग कशाशी खातात हे माहीत नसतं. तो सकाळी येऊन गाऊन गेलेला असतो, पुढचं सगळं चॅनलवाला आणि रेकॉर्डिस्ट ठरवतात.

मग त्या सह्या फुकट गेल्या का? तसंही नाही. त्या वादामुळे ‘लाउडनेस वॉर’ हा विषय स्टुडिओबाहेर वर्तमानपत्रांत पोहोचला. मार्ग निघतो याचंही उदाहरण आहे: रश या बँडचा २००२ चा ‘व्हेपर ट्रेल्स’ इतका ठोकलेला होता की पुढे बँडनेच तो पुन्हा मिक्स करवून २०१३ मध्ये काढला. तिथे मूळ ट्रॅक जपलेले होते, म्हणून ते झालं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. इंग्लंडमधले मास्टरिंग करणारे इयन शेफर्ड यांनी २०१० मध्ये ‘डायनॅमिक रेंज डे’ सुरू केला. वर्षातला एक दिवस, त्या दिवशी ऐकवायचं, दाखवायचं, समजवायचं. त्यात शिव्या नव्हत्या, चांगल्या आवाजाच्या अल्बमचं कौतुक होतं. मला ही रीत सह्यांपेक्षा पटते.

खरा धक्का मात्र आकड्यांनी दिला. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने कानाला जाणवणारा आवाज मोजायची पद्धत ठरवली. एलयूएफएस हे त्याचं माप: छप्पर शून्यावर, आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं गाणं जास्त भरलेलं. २०१० मध्ये युरोपच्या प्रसारण संघाने त्यावरून उणे २३ एलयूएफएस ही पातळी घेतली. टीव्हीवर जाहिरात लागली की आवाज अंगावर येतो, त्या तक्रारींतून अमेरिकेने त्याच वर्षी कायदा केला. पुढे यूट्यूब, स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक हेही गाणी वाजवताना आवाज सारखा करायला लागले. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४, यूट्यूबही त्याच्याच आसपास. तुम्ही उणे ७ ला ठोकलेलं गाणं टाकलंत तर यूट्यूब ते सुमारे ७ डीबी खाली ओढतं. मोठेपणा गेला, फाटणं तेवढं शिल्लक राहिलं!

तुमच्या मोहिमेचं सगळ्यात धारदार हत्यार इथेच आहे आणि ते फुकट आहे. संगणकावर यूट्यूबचं कुठलंही गाणं लावा, व्हिडिओवर उजवं क्लिक करा, ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. त्यात व्हॉल्यूमची एक ओळ असते. समजा तिथे लिहिलंय १०० टक्के, त्यापुढे ४८ टक्के, आणि कंटेंट लाउडनेस ६.४ डीबी. याचा अर्थ गाणं यूट्यूबच्या पातळीपेक्षा ६.४ डीबी जास्त भरलेलं आहे आणि यूट्यूबने ते गुपचूप ४८ टक्क्यांवर आणलंय. चॅनलवाल्याला हा आकडा त्याच्याच गाण्यावर दाखवा. मी अनेकांना दाखवलाय. पहिली प्रतिक्रिया बहुतेक वेळा हीच असते की यूट्यूबने आपलंच गाणं का कमी केलं. सगळ्यांचं करतात हे कळलं की माणूस गप्प होतो आणि मग विचारतो, ‘मग ठोकून उपयोग काय?’ हा प्रश्न त्याच्या तोंडून यायला हवा, आपण विचारला तर ते भाषण होतं.

आता लोकांना ऐकवण्याची चाचणी. ती नीट केली नाही तर उलटते, म्हणून इथे जरा थांबतो. दुसऱ्याचं गाजलेलं गाणं कापून त्याची ‘सुधारलेली’ आवृत्ती टाकू नका. कॉपीराइटचा दावा येईल, तो नाही आला तरी त्या कलाकाराची माणसं येतील. गावातली एखादी वही (इकडचा लोकगायनाचा प्रकार) म्हणणारी मंडळी गाठा, किंवा आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, झोक्याची गाणी म्हणणाऱ्या बाया. त्यांची परवानगी घ्या, एक गाणं रेकॉर्ड करा आणि कुठल्याही स्टुडिओतून त्याची दोन मास्टर करून घ्या: एक मोकळं, एक हल्लीच्या चालीने ठोकलेलं. तासाभराचं काम आहे, रेकॉर्डिस्ट ओळखीचा असेल तर चहावरही होईल.

मग ऑडॅसिटी घ्या, फुकट मिळतं. दोन्ही फाइल उघडा, इफेक्टमध्ये लाउडनेस नॉर्मलायझेशन निवडा, उणे २३ तसंच ठेवा आणि दोन्हींना एकेक करून लावा. ही पायरी चुकली तर चाचणी वाया गेली समजा, कारण मोठी फाइल मोठी आहे म्हणूनच जिंकेल. झाल्यावर स्क्रीनकडे बघा. ठोकलेली फाइल मधोमध एका बारीक सपाट पट्टीसारखी दिसेल, वरची कड सुरीने कापल्यासारखी. मोकळ्या फाइलमध्ये डफाची थाप पडते तिथे तिथे काटा उभा दिसेल, जवळपास दुप्पट उंच. या चित्राचा स्क्रीनशॉट ठेवा, पण लोकांना लगेच दाखवू नका. चित्र आधी दाखवलं की माणूस कानाऐवजी डोळ्याने मत देतो.

फाइलना ‘अ’ आणि ‘ब’ नावं द्या, कुठली कुठली ते सांगू नका. आणि ‘कोणतं चांगलं वाटतं’ असं विचारू नका. विचारा: ‘दुसऱ्या कडव्यात काय म्हटलंय, लिहून पाठवा.’ निम्म्या लोकांना ‘अ’ पाठवा, निम्म्यांना ‘ब’. आवडीनिवडीवर वाद घालता येतो. बाईने काय म्हटलं ते लिहिताच आलं नाही, यावर वाद घालता येत नाही. त्यातून अहिराणीचं तर सगळं बोलण्यातच आहे. कानबाईच्या गाण्यात कुणाच्या घरच्या रोटाचं (कानबाईच्या नैवेद्याचं), कुणाच्या माहेराचं नाव येतं, ते ऐकायलाच माणसं बसलेली असतात. तेच ऐकू आलं नाही तर पॅडचा ठोका कितीही बसो. एक सूचना, यूट्यूबवरून ऐकवणार असाल तर ‘स्टेबल व्हॉल्यूम’ बंद करायला सांगा. ते चालू असलं की यूट्यूब स्वतःच आवाज दाबतं-उचलतं आणि फरक पुसट होतो.

आता येतो खान्देशातला खरा अडसर, ज्याचं उत्तर तुमच्याकडे तयार हवं. चॅनलवाला म्हणेल, ‘यूट्यूबचं ठीक आहे, पण माझं गाणं हळदीला वाजतं, वरातीत वाजतं, ट्रॅक्टरवर पेनड्राइव्हमधून वाजतं. तिथे कोण सारखं करतंय? माझं बसकं वाजलं तर डीजेवाला पुढचं लावेल.’ हे खरं आहे. पेनड्राइव्हवर एकामागे एक गाणी लागतात आणि कमी भरलेलं गाणं पडल्यासारखं वाटतं. इथे नाक मुरडू नका. सांगा की दोन मास्टर करा: यूट्यूब आणि ॲपसाठी मोकळं, डीजेसाठी भरलेलं. आधीचं मिक्स तयार असताना दुसरं मास्टर काढायला फार वेळ लागत नाही. ही मागणी मान्य होण्यासारखी आहे, कारण त्यात कुणाचं नुकसान नाही.

डीजेवाल्यांनाही बाजूला घ्या. ते तुमचे शत्रू वाटतात, पण या एका बाबतीत त्यांचा खिसा तुमच्या बाजूने आहे. वरचा काटा तेवढाच ठेवून गाण्याची सरासरी ६ डीबीने वाढवली आणि नॉब तिथेच राहिला, तर स्पीकरला जाणारी सरासरी पॉवर चौपट होते. स्पीकरच्या आतल्या कॉइलला दोन फटक्यांच्या मधे थंड व्हायला वेळच मिळत नाही. वर गाणं आधीच कापलेलं असेल तर टॉपच्या ड्रायव्हरवर जास्तीचा भार. ऐन लग्नसराईत डायफ्राम जातो, कॉइल जळते, आणि दोष कंपनीला नाहीतर पोराला दिला जातो. डीजेवाल्याला ‘संगीताचा आत्मा’ सांगू नका, कॉइलचा खर्च सांगा. एका ओळखीच्या डीजेवाल्याने हे ऐकल्यापासून त्याला आलेल्या गाण्यांतली ठोकलेली वेगळ्या फोल्डरला टाकायला सुरुवात केली, त्यांना गेन कमी ठेवतो. तुमच्या पोस्टखाली अशा माणसाची एक कमेंट माझ्यासारख्याच्या दहा कमेंटना भारी.

मागणी काय करायची तेही नेमकं लिहा. ‘गाणी हळू करा’ असं लिहिलं की हसतील. मी असं लिहीन: ‘आम्ही तुमची गाणी रोज ऐकतो. यूट्यूबवर टाकायचं मास्टर थोडं मोकळं ठेवा, म्हणजे बोल कळतील. नाचाची गाणी उणे १० च्या आसपास, कानबाई, वही, आखाजीची गाणी उणे १४ च्या आसपास चालतील. फटक्याचा काटा उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. डीजेसाठी वेगळी फाइल द्या, आम्हीच ती पोहोचवू.’ हे आकडे माझ्या अनुभवाचे आहेत, पोथीतले नाहीत. सगळ्यांना उणे १४ वर आणा असा हट्ट धरू नका. नाचाच्या गाण्याला थोडा दाब लागतो आणि एसटीत फोनच्या स्पीकरवर ऐकणाऱ्यालाही लागतो. काटा उणे १ च्या खाली यासाठी, की यूट्यूब फाइल पुन्हा दाबून साठवतं आणि छपराला टेकलेले काटे त्यात छपराबाहेर जाऊन आणखी फाटतात. एलयूएफएस मोजायला यूलीनचं मीटर फुकट मिळतं, कुणालाही सांगा.

नावं घेऊन झोडपू नका, हे वेगळं सांगायला नको होतं, तरी सांगतो. इथले कलाकार लहान आहेत, शेती किंवा दुकान सांभाळून गातात. चूक दाखवायची तर आधी फोन करा. उघडपणे फक्त कौतुक करा: आवाज मोकळा असलेलं गाणं सापडलं की त्याखाली लिहा की बोल कसे स्वच्छ आले, रेकॉर्डिस्टचं नाव असेल तर त्याचंही कौतुक करा. आम्हा रेकॉर्डिस्टना ‘गानं भारी शे’ म्हणणारे हजार भेटतात, पण आवाजाबद्दल कुणी लिहिलं की तो स्क्रीनशॉट पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवला जातो. आणि तक्रार करायचीच तर अहिराणीतच करा: ‘गानं भारी शे भो, पन बोल समजत नहीत.’ ती घरातल्या माणसाची वाटते, टीकाकाराची नाही.

आणखी एक मागणी त्यात जरूर घाला, ती बहुतेकांना सुचत नाही: लिमिटर लावण्याआधीचं मिक्स २४ बिट वेव्ह फाइलमध्ये जपून ठेवा आणि त्याची एक प्रत गाणाऱ्यालाही द्या. वर रशचं उदाहरण दिलं ते यासाठी. आपल्याकडे हार्ड डिस्क भरली की सेशन उडवतात आणि मागे फक्त यूट्यूबवरची ठोकलेली फाइल राहते. ज्या म्हाताऱ्या बाईने कानबाईची गाणी एकदाच गाऊन दिली, तिचं पुन्हा रेकॉर्डिंग कुठून आणणार?

वेळेचं म्हणाल तर कानबाई श्रावणात येते आणि तिची गाणी आषाढापासूनच स्टुडिओत येऊ लागतात. लग्नाची गाणी तुळशीच्या लग्नाआधी. गाणं चॅनलवर चढल्यावर कुणी मास्टर बदलत नाही, व्ह्यूज जातात. म्हणून चाचणी आता करा आणि जेठ संपायच्या आत दोन-तीन चॅनलवाल्यांना प्रत्यक्ष भेटून त्यांच्याच गाण्याचा आकडा दाखवा. जाताना हेडफोन घेऊन जा, फोनच्या स्पीकरवर फरक पटणार नाही.